बैठक, वृक्ष आणि ऊन

ठाण्यापासून पनवेलपर्यंतच्या वस्तींत आठवड्याच्या ठराविक दिवशीं आणि ठराविक वेळीं एखाद्या शाळेच्या वर्गांत किंवा समाजमंदिरांत माणसें येतात, चपला ओळीनें काढून ठेवतात आणि निमूटपणें सतरंजीवर बसतात. दासबोधांतील एका समासाचें वाचन होतें, त्यावर निरूपण होतें, आणि आलेलीं माणसें जशीं आलीं तशींच, गडबड न करतां, घरोघर परततात. कारखान्यांतील फिटर, बँकेंतील कारकून, रिक्षावाला, चार घरचीं धुणींभांडीं करणारी बाई, हीं सारीं त्या सतरंजीवर शेजारीं शेजारीं असतात. यांना श्रीसदस्य म्हणतात आणि या मेळाव्यास श्रीबैठक.

ही परंपरा नारायण विष्णु ऊर्फ नानासाहेब धर्माधिकारी यांनीं १९४३ सालीं सुरू केली. रायगड जिल्ह्यांतील रेवदंडा हें त्यांचें गांव. २००८ सालीं ते निवर्तले. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब यांनीं बैठकींचा व्याप तर सांभाळलाच, पण निरूपण ऐकून उठलेल्या माणसाच्या हातीं कुदळ, घमेलें आणि झाडू दिला, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. पावसाळा लागला कीं प्रतिष्ठानचे सदस्य उजाड टेकड्यांवर, रस्त्यांच्या कडेस, शाळांच्या आवारांत रोपें लावतात. विहिरींचा आणि तळ्यांचा गाळ उपसतात. गणेशविसर्जनाच्या वेळीं घाटावर उभे राहून हार, दूर्वा आणि पत्री पाण्यांत पडण्यापूर्वींच मागून घेतात व त्या निर्माल्याचें खत करतात.

वृक्षारोपणाचे आंकडे वर्तमानपत्रांत छापून येतात, त्यांवर मात्र कोणीं फारसें विसंबूं नये. शाळेच्या पटावरील मुलें आणि वर्गांत प्रत्यक्ष बसलेलीं मुलें यांत जो फरक असतो, तोच लावलेल्या आणि जगलेल्या रोपांत असतो. कोंकणांत जूनमध्यें लावलेलें रोप ऑक्टोबरपर्यंत आपोआप वाढतें. त्याची खरी परीक्षा फेब्रुवारीपासून मेपर्यंत. या मंडळींना श्रेय द्यावयाचें तें एवढ्यासाठीं कीं त्यांच्या कार्यक्रमाच्या नांवांत वृक्षारोपणाबरोबर संवर्धन हा शब्द आहे, आणि भर उन्हाळ्यांत खांद्यावर पाण्याचे कॅन घेऊन टेकडी चढणें हाहि सेवेचाच भाग मानला जातो.

आध्यात्मिक ग्रंथाच्या श्रवणांतून ही बुद्धि उपजावी यांत नवल नाहीं. दासबोधाच्या सोळाव्या दशकांत सूर्य, पृथ्वी, पाणी, अग्नि आणि वायु यांचें एकामागून एक स्तवन व निरूपण आहे. समर्थांचें ‘बागप्रकरण’ ज्यांनीं चाळलें असेल त्यांना ठाऊक आहे कीं त्यांत झाडाझुडपांचीं नांवेंच नांवें आहेत. संन्यस्त पुरुषाला कांट्याकुट्यांपासून फळझाडांपर्यंत इतकी माहिती असावी याचें आजच्या वाचकास कौतुक वाटतें. पण डोंगरकपारींत राहणाऱ्या माणसाला सावली आणि पाणी कोठें आहे हें ठाऊक असावेंच लागतें.

नवी मुंबईच्या रहिवाशाला तें सहसा ठाऊक नसतें. हें शहर गेल्या अर्धशतकांतलें. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनीवर त्याची आंखणी झाली. जेथें भातखाचरें, मिठागरें आणि खाजणें होतीं तेथें रुंद रस्ते व उंच इमारती आल्या. झाडपाल्यावर आणि ओलसर मातीवर पडणाऱ्या उन्हाचा पुष्कळ भाग पाण्याची वाफ करण्यांत खर्ची पडतो. डांबरावर आणि काँक्रीटवर पडलेलें ऊन तेथेंच सांठतें आणि सूर्य मावळल्यावर सावकाश बाहेर पडतें; म्हणून शहरांतील रात्रहि गरम. पश्चिमेस ठाण्याची खाडी आहे. तेथील फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ सालीं रामसर स्थळाचा मान मिळाला. खाडीमुळें हवेंत ओल भरपूर असते. ही ओल पुढील हकीकतींत महत्त्वाची आहे.

रविवार, ता. १६ एप्रिल २०२३ रोजीं याच नव्या मुंबईंतील खारघर येथें, डोंगराजवळच्या विस्तीर्ण मैदानावर, अप्पासाहेबांना राज्य शासनाचा महाराष्ट्रभूषण पुरस्कार केंद्रीय गृहमंत्र्यांच्या हस्तें देण्यांत आला. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून लाखों सदस्य आले. कित्येक तर आदल्या रात्रींच येऊन पोहोंचले होते. व्यासपीठावर छत होतें, समोरचा समुदाय उघड्यावर होता. समारंभ भर दुपारीं आटोपला. त्या दिवशीं त्या परिसरांतील कमाल तापमान सुमारें ३८ अंश नोंदलें गेलें. उष्माघातानें १४ माणसें दगावलीं आणि अनेकांना रुग्णालयांत न्यावें लागलें. ज्यांनीं आयुष्यांत शेंकडों रोपांना पाणी घातलें असेल अशीं माणसें एका झाडाच्या सावलीवांचून गेलीं.

३८ अंश हा आंकडा ऐकून नागपूर-चंद्रपूरकडील श्रोत्यांना कदाचित् आश्चर्य वाटेल. तिकडे ४४-४५ अंशांत बाजार भरतात, लग्नें लागतात. मग ३८ अंशांनीं माणसें कां मरावींत?

याचें उत्तर घरांतल्या माठापाशीं आहे. विदर्भांत किंवा मराठवाड्यांत चैत्र-वैशाखांत माठांतलें पाणी थंडगार होतें. तोच माठ मुंबईंत आणला तर पाणी जेमतेम निवतें. माठाच्या अंगांतून पाझरलेलें पाणी वाफ होऊन उडतें आणि उडतांना माठाची उष्णता घेऊन जातें. कोरड्या हवेंत तें झपाट्यानें उडतें. दमट हवेंत उडतच नाहीं, नुसता ओघळ येतो. नागपुरास वाळ्याचे पडदे उपयोगी पडतात आणि मुंबईस पडत नाहींत, त्याचेंहि कारण हेंच. आतां माठाच्या जागीं माणसाचें शरीर समजावें. शरीराची उष्णता ३७ अंशांच्या आसपास असते. भोंवतालची हवा तितकीच तापली म्हणजे वाऱ्यानें अंग निवत नाहीं. घामाची वाफ होणें हा एकच मार्ग उरतो. एक ग्रॅम घाम उडतांना सुमारें ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो, हा निसर्गाचा मोठाच उपकार. परंतु हवा अगोदरच वाफेनें भरलेली असली तर घाम उडत नाहीं, अंगावरून टपकतो. टपकलेल्या घामानें शरीरांतलें पाणी आणि मीठ जातें, उष्णता मात्र आंतच राहते.

शिवाय हवामानखातें जें तापमान सांगतें तें सावलींतलें असतें. पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या पेटींत उष्णतामापक टांगून तें मोजतात. उघड्या मैदानावर डोक्यावरचें ऊन, खालून तापलेली जमीन आणि चोहोंकडून लाखों शरीरांची ऊब, यांचा त्यांत हिशेब नाहीं. म्हणूनच उष्णतेच्या लाटेची खात्याची व्याख्या किनाऱ्यावर निराळी आहे. मैदानी मुलुखांत ४० अंशांपासून लाटेचा विचार सुरू होतो, किनाऱ्यावर ३७ पासून. अर्थात् त्या ऋतूच्या सरासरीहून तापमान किती वर गेलें हेंहि पाहिलें जातें. शाळकरी मुलालाहि समजेल असें हें शास्त्र आहे. खारघरच्या दुपारीं तें कोणाच्या कामीं आलें नाहीं.

त्या वेळीं कांहीं सुशिक्षितांनीं दोष भाविकांच्या भोळेपणाला दिला. उन्हांत बसवेना तर उठून कां गेले नाहींत, असा त्यांचा प्रश्न. हा प्रश्न विचारणारे बैठकीला कधीं बसलेले नसावेत. तेथें मध्येंच उठणें हा निरूपणाचा अवमान समजला जातो. वर्षानुवर्षें अंगीं बाणलेली ती शिस्त. एरवीं याच शिस्तीच्या बळावर हजारों माणसें रस्ते झाडतात आणि आपल्या नांवाची पाटीहि लावून घेत नाहींत. ज्या आज्ञाधारकपणानें टेकड्या हिरव्या झाल्या त्याच आज्ञाधारकपणानें माणसें उन्हांत बसून राहिलीं. तेव्हां अशा माणसांना बोलावणारावर जबाबदारी इतरांहून अधिक असते. समारंभाची वेळ आणि बैठकव्यवस्था ज्यांनीं ठरविली त्यांनीं ती ओळखावयास हवी होती. दुर्घटनेनंतर, उन्हाळ्यांत दुपारीं १२ ते ५ या वेळांत उघड्यावर कार्यक्रम घेऊं नयेत, असें शासनाच्या वतीनें जाहीर झालें. हें शहाणपण कांहीं नवीन नव्हे. शेतकरी चैत्रांत पहाटे नांगर धरतो आणि ऊन चढतां चढतां बैल सावलींत बांधतो.

आपल्या धर्माचारांतहि तें जागोजाग विखुरलेलें आहे. पाडव्यापासून पाऊस पडेपर्यंत वाटेवर पाणपोई घालणें हें पुण्यकर्म. अक्षय्यतृतीयेस पाण्यानें भरलेला घट दान द्यावयाचा. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीचें पन्हें आणि आंब्याची डाळ. त्या पन्ह्यांतील मीठ आणि गूळ घामावाटे गेलेलें परत देतात, हें डॉक्टरानें सांगण्यापूर्वीं आजीबाईनें ओळखलेलें होतें. हीं सर्व व्रतें हवामानाचे धडेच म्हणावीं लागतील. फक्त त्यांच्यामागचें कारण विसरलें गेलें आणि विधि तेवढा उरला. कांहीं ठिकाणीं तोहि नाहीं. पाणपोईच्या जागीं आतां विकतची बाटली आहे.

धर्मकार्यासाठीं जमलेल्या समुदायावर उन्हानें घाला घालावा असा प्रसंग आपल्याकडेच आला असें नाहीं. २०२४ सालच्या जून महिन्यांत हजयात्रेच्या वेळीं मक्केस तापमान ५१ अंशांच्या वर गेलें आणि सौदी सरकारच्याच सांगण्याप्रमाणें १,३०१ यात्रेकरू मृत्यु पावले. त्यांतील बहुतेक जण परवान्यावांचून आलेले, म्हणून त्यांना थंड तंबूंचा आसरा नव्हता. त्याच २०२४ सालीं पृथ्वीचें सरासरी तापमान यंत्रयुगापूर्वींच्या मानानें सुमारें दीड अंशानें अधिक होतें, असें जागतिक हवामान संघटनेनें सांगितलें. दीड अंश ही गोष्ट क्षुल्लक वाटते. पण सरासरी थोडी सरकली तरी टोंकाचे दिवस पुष्कळ वाढतात, आणि माणसें मरतात तीं त्या टोंकाच्या दिवशीं.

या बाबतींत अहमदाबादचें उदाहरण घेण्याजोगें आहे. २०१० च्या मे महिन्यांत तेथें तापमान ४६ अंशांच्या वर गेलें, आणि त्या एका महिन्यांत नेहमींपेक्षां तेराशेंहून अधिक मृत्यु जास्त झाल्याचें मागाहून अभ्यासांतीं आढळलें. २०१३ सालीं त्या नगरपालिकेनें उष्णतेचा आराखडा तयार केला. त्यांत यंत्रसामग्री फारशी नाहीं. तापमानाचा अंदाज आदल्या दिवशीं लोकांना कळवावयाचा, बागा व देवळें दुपारीं उघडीं ठेवावयाचीं, पाणी ठेवावयाचें, आणि दवाखान्यांतील माणसांना उष्माघात ओळखण्यास शिकवावयाचें, एवढाच तो बेत.

लोकांना कळवावयाचें कसें, ही इतर शहरांची अडचण असते. श्रीबैठकीला ती अडचण नाहीं. आठवड्यांतून एकदां, ठरलेल्या वेळीं, लक्षपूर्वक ऐकणारीं आणि ऐकलेलें आचरणांत आणणारीं माणसें तिच्यापुढें बसलेलीं असतात. असा वर्ग कोणत्या शाळामास्तराला लाभतो? फाल्गुन संपतांना सोळाव्या दशकांतील सूर्याचें आणि पाण्याचें निरूपण चाललें असतां कोणीं चार व्यावहारिक गोष्टी त्यांतच सांगितल्या तर त्या घरोघर पोहोंचतील. चक्कर, मळमळ, बोलण्यांत असंबद्धता, तापलेलें अंग हीं चिन्हें दिसतांच माणसाला सावलींत न्यावें, कपडे सैल करून अंगावर पाणी शिंपडावें आणि वारा घालावा. शुद्धीवर नसेल तर तोंडांत पाणी घालूं नये, विनाविलंब रुग्णालय गांठावें. म्हाताऱ्यांना, हृदयाचे किंवा मधुमेहाचे रोगी असतील त्यांना, तहान लागण्याची वाट पाहूं देऊं नये. आणि मुख्य म्हणजे, उन्हांत बसवेनासें झालें तर उठून जाण्यांत गुरूचा अवमान नाहीं, हें गुरुस्थानीं असलेल्याच्याच तोंडून एकदां ऐकावयास मिळावें. सदस्यांना तें दुसऱ्या कोणाच्या तोंडून पटणार नाहीं.

रोपांचें काम चालूं आहेच. यंदाहि मृगाच्या सुमारास टेकड्यांवर खड्डे खणले जातील. वड, पिंपळ, करंज, जांभूळ यांची पाण्यावांचून तग धरण्यासारखी मुळें जाण्यास दोन-तीन उन्हाळे लागतात, आणि खालीं माणसें बसतील अशी सावली पडण्यास दहा-बारा वर्षें. तोंवर मैदानांत कापडाचा मांडव, कोपऱ्यांत पाण्याचे रांजण, आणि समारंभाची वेळ सकाळीं आठच्या आंत.