बागेची तहान मोजणारी बिनतारी यंत्रे
(करमाळा येथील वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयात आपल्या करमाळा तालुक्यातीलही गावे बुडाली, आणि त्याच जलाशयाच्या काठी आज केळीच्या बागा डोलत आहेत. ज्या पाण्याकरिता कित्येक कुटुंबांनी घरेदारे सोडली, ते पाणी पिकाला अंदाजाने द्यावे की मोजून द्यावे, एवढाच प्रश्न मी आज आपणांपुढे मांडणार आहे.

वीज आली की मोटार सुरू करावयाची, ही रीत सर्वांच्या परिचयाची आहे. जमीन वरून कोरडी दिसते. मुळांशी मात्र पुष्कळदा पुरेशी ओल असते. भारी काळ्या जमिनीत जादा पाणी साचले म्हणजे मुळांना हवा मिळत नाही, आणि निचरा नसल्यास कालांतराने जमीन क्षारपड होते.

यावर बिनतारी संवेदकांचा उपाय निघाला आहे. एक संवेदक मुळांच्या थरात व दुसरा त्याखाली पुरतात. ओल्या मातीचे विद्युत्‌-गुणधर्म कोरड्या मातीहून फार निराळे असल्याने त्यांवरून ओल मोजता येते. हे मोजमाप रेडिओलहरींनी बांधावरील केंद्रयंत्राकडे व तेथून मोबाइलवर येते. पाणी दिल्यावर खालच्या थरातील ओल वाढू लागली, तर पाणी मुळांखाली वाया जात आहे असे समजावे. मुंबईच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी नाशिकच्या सुला द्राक्षमळ्यात अशा यंत्रजाळ्याचा प्रयोग पूर्वीच केलेला आहे.

तथापि यंत्र म्हणजे देववाणी नव्हे. काळी माती उन्हाने भेगाळते. संवेदकाभोवती पोकळी राहिली तर तो चुकीचे सांगतो. केळीची पाणीदार पाने लहरी शोषून घेतात, म्हणून एरियल बागेच्या वर उंच लावावी लागते. शिवाय अधूनमधून ओली माती तोलावी, पूर्ण वाळवून पुन्हा तोलावी, आणि यंत्राचा आकडा त्याच्याशी ताडून पाहावा.

हा खर्च एकट्यादुकट्याने सोसण्यापेक्षा शेजारच्या चार बागाइतदारांनी मिळून एक संच घ्यावा, अशी माझी नम्र सूचना आहे. शिकलेल्या मुलामुलींनी रोजचे आकडे वहीत लिहावेत, आणि वडीलधाऱ्यांनी मातीची मूठ दाबून जे ओळखले तेही त्याशेजारी नोंदवावे. दोन्हींचा मेळ जेथे बसणार नाही, तेथेच आपणां सर्वांना काही नवे शिकावयास मिळेल.