रिकाम्या हंगामातलं शहर



आज तुम्हाला जरा लांब घेऊन जाते. युरोपात क्रोएशिया नावाचा देश आहे. त्याच्या दक्षिण टोकाला, समुद्राच्या काठावर डुब्रॉवनिक नावाचं शहर आहे. माझी बहीण जर्मनीत नोकरीला असते. तिच्यामुळे मला जानेवारीच्या शेवटी आठवडाभर तिथे राहायला मिळालं.

तिथलं हवामान आपल्या उलट. उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात. वर 'बुरा' नावाचा गार, झोंबणारा वारा. संध्याकाळी पाचला दिवेलागण. त्यामुळे पर्यटक येतात ते उन्हाळ्यात. हिवाळा म्हणजे रिकामा हंगाम.

जुनं शहर दगडी तटाच्या आत आहे. तटाची लांबी जवळजवळ दोन किलोमीटर. १९७९ साली युनेस्कोने हे शहर जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. उन्हाळ्यात तिथे इतकी झुंबड उडते, की एका वेळी दोनच मोठी प्रवासी जहाजं येऊ द्यायची असं शहराला ठरवावं लागलं. आम्ही मात्र तटावरून निवांत फिरलो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला लाल कौलं. खोली स्वस्त मिळाली. पण कितीतरी खानावळी बंद होत्या. हिवाळ्यात जाणारीने छत्री, जाड स्वेटर आणि न घसरणाऱ्या चपला न्याव्यात, कारण तिथली फरशी पावसात गुळगुळीत होते.

संध्याकाळी मला एक गोष्ट खटकली. गल्लीत वर बघितलं की बहुतेक खिडक्या काळोख्या. १९९१ साली तटाच्या आत पाच हजारांच्या आसपास माणसं राहत होती. आता दीड हजारांच्या आसपास उरली आहेत. घरं आहेत, पण पुष्कळशी पर्यटकांना भाड्याने दिलेली. पाहुणे गेले की कुलूप. पैसा आला, शेजार गेला.

मग हिवाळ्यात तिथे काय चालतं? सकाळी चौकात बाजार भरतो. भाजी, सुकी अंजिरं, आणि पुड्यांत साखरेत मुरवलेल्या संत्र्याच्या साली. ही कडू संत्री हिवाळ्यातच पिकतात. साली काही दिवस पाण्यात ठेवायच्या, पाणी बदलत राहायचं, कडूपणा उतरला की साखरेत शिजवून वाळवायच्या. आपण टाकून देतो ती साल! हिवाळ्यात केलेला हा टिकाऊ खाऊ उन्हाळ्यातल्या गर्दीतही विकता येतो.

शहराजवळ कोनाव्ले नावाचा भाग आहे. तिथल्या बायका पूर्वी घरीच रेशीमकिडे पाळायच्या, सूत काढायच्या, रंगवायच्या आणि पोशाखाच्या छातीवर, बाह्यांवर भरतकाम करायच्या. ती कला अजून टिकून आहे. ३ फेब्रुवारीला शहराच्या रक्षणकर्त्या संताचा, सेंट ब्लेझचा उत्सव असतो. गावोगावचे लोक पारंपरिक पोशाखात, निशाणं घेऊन मिरवणुकीत येतात. त्या दिवशी ते शहर पुन्हा तिथल्या माणसांचं वाटलं.

मैत्रिणींनो, हे सगळं सांगते कारण आपल्या सिंधुदुर्गातही कितीतरी बचत गटांच्या बायका घरी पर्यटक ठेवतात. मे महिन्यात पाठ टेकायला वेळ नसतो आणि जून ते सप्टेंबर खोल्या रिकाम्या. कर्जाचा हप्ता मात्र पावसाळ्यातही भरावा लागतो.

म्हणून पुढच्या बैठकीत तीन गोष्टींवर बोला. हंगामातल्या कमाईतून पावसाळ्याच्या हप्त्यांचे पैसे आधीच बाजूला काढता येतील का? पावसाळ्यात घरात बसून काय करता येईल, जे दिवाळीच्या पाहुण्यांना विकता येईल? आणि तिसरी सगळ्यात महत्त्वाची: पाहुण्यांसाठी घरातल्या किती खोल्या द्यायच्या आणि आपल्यासाठी किती राखायच्या? माजघर आणि पडवी भाड्याने गेली, तर हळदीकुंकवाला शेजारीण बसणार कुठे?

काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा.