किरणोपचारानंतरचा डाग

इंदापूर तालुक्यांतील एखादी बाई स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया करून घेते, पुण्यास नातलगांकडे राहून कांहीं आठवडे किरणोपचार पुरे करते आणि उसाच्या लागणीला घरीं परतते. पांच-सहा वर्षें सुखानें जातात. मग एके दिवशीं स्नान करतांना त्याच बाजूच्या कातडीवर एक जांभळट डाग दिसतो. दुखत नाहीं, खाजत नाहीं. वैरणीचा भारा उचलतांना मुका मार लागला असेल, असें म्हणून ती चोळी घालते आणि कामास लागते. कोणास दाखविण्याची लाज तर असतेच.

मुका मार असता तर पंधरवड्यांत हिरवा-पिवळा होऊन मावळला असता. हा मावळत नाहीं.

किरणांची झळ वाटेंतल्या कातडीला लागतेच. वर्ष-दोन वर्षांनीं तेथें बारीक रक्तवाहिन्या फुगून लाल रेषांचें जाळें उमटतें. तें दिसावयास वाईट, पण निरुपद्रवी. त्याहून निराळे, मोहरीपासून वाटाण्याएवढे तांबूस उंचवटे कांहीं बायकांस उठतात. फाइनबर्ग व रोझेन यांनीं १९९४ सालीं त्यांचें वर्णन केलें. ते बहुधा सौम्य ठरतात, तरी समूळ काढून टाकणें बरें. खरी धास्ती अँजिओसार्कोमाची, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या कर्करोगाची. तो हजारांत एखादीलाच होतो, बहुधा पांच ते दहा वर्षांनीं. पण उशीर त्याला फार मानवतो.

नुसत्या नजरेनें यांतला भेद सांगणें निष्णात डॉक्टरांसहि अवघड जातें. कातडीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावा लागतो. संशय उरल्यास ‘मिक’ नांवाच्या जनुकाच्या प्रती वाढल्या आहेत काय, हें तपासतात. किरणोपचारानंतरच्या कर्करोगांत त्या बहुधा वाढलेल्या असतात, सौम्य उंचवट्यांत सहसा नसतात. तुकड्याबरोबर ‘येथें पूर्वीं किरणोपचार झाला आहे’ एवढी ओळ गेली पाहिजे. ती नसेल तर तपासणारा भलत्याच दिशेनें विचार करूं लागतो. म्हणून उपचाराचे कागद पेटींत जपून ठेवावे. घर सारवतांना, बदलतांना पहिल्यानें तेच हरवतात.

हें ऐकून किरणोपचारच नको, असें कोणी म्हणेल, तर तो घातक हिशेब होईल. गांठ तेवढी काढलेल्या दहा हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती २०११ सालीं एकत्र मांडली गेली. दहा वर्षांत रोग उलटण्याचें प्रमाण किरणांवांचून शेंकडा ३५ होतें, किरणांनीं तें १९ वर आलें.

अशा बाईचा भाऊ किंवा भाचा पुष्कळदां पुण्या-मुंबईस असतो आणि पहिला सल्ला त्यालाच विचारला जातो. त्यानें ‘मलम लाव’ म्हणूं नये. बारामतीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. डाग तेथील शल्यचिकित्सकांस दाखवावा, जुने कागद बरोबर न्यावे. पुण्याची वाट त्यापुढें.