घरातले भांडण आणि दारातली बातमी



आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या फाटकाशी आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा विद्वत्तेच्या आशेने जे आले असतील, त्यांची आम्ही आधीच क्षमा मागतो.

२०२४ च्या पावसाळ्यात, एका शनिवारी संध्याकाळी, आम्ही फाटकावर सभा घेतली. विषय कंत्राटी कामगारांचा. आठाच्या सुमारास पोरांची चुळबुळ सुरू झाली. एकाने धीर करून सांगितले, "काका, आटपा. नऊला 'भाऊचा धक्का' आहे." आम्ही रागावलो. घरी येऊन तो कार्यक्रम लावला, तो दोष काढण्यासाठी. मग 'बिग बॉस मराठी'चे ते पर्व संपेपर्यंत आम्हीही पाहत राहिलो. खोटे कशाला बोलावे?

पाहता पाहता आमचा राग निम्मा उतरला. सत्तर दिवस तीच माणसे. काल कोण काय बोलला, आज कसा वागला, याचा हिशेब पोरांना तोंडपाठ. बारामती तालुक्यातला सूरज चव्हाण हा गरीब घरचा मुलगा ६ ऑक्टोबर २०२४ रोजी जिंकला, तेव्हा आमच्या वसाहतीत फटाके वाजले. का वाजू नयेत? आपल्यासारखा एकजण वर आला आणि त्यात आपले मत होते, असे त्यांना वाटले. आमच्या पोरांना असे वाटण्याचे प्रसंग आयुष्यात फार येत नाहीत.

उलट बातम्यांकडे पाहा. पडद्यावर आठ चौकटी, आठांचा एकच गलका. प्रकरणाची सुरुवात कोणी सांगत नाही, शेवट कोणी दाखवत नाही. ऑक्सफर्डच्या रॉयटर्स संस्थेच्या २०२५ च्या पाहणीत जगातल्या अनेक देशांत मिळून दहांपैकी चार माणसांनी कबूल केले, की आपण अधूनमधून किंवा वारंवार बातम्या टाळतो. तेव्हा हा केवळ आमच्या पोरांचा दोष नव्हे.

पण या 'वास्तवा'चीही एक बातमी आहे. तासन् तासांच्या चित्रणातून वेचून, जोडून त्याची गोष्ट करणारे कामगार पडद्यामागे असतात. २००६ साली अमेरिकेत 'अमेरिकाज नेक्स्ट टॉप मॉडेल' या कार्यक्रमात हे काम करणाऱ्या बारा जणांनी लेखकसंघाचे संरक्षण मागून संप केला. त्यांची कामे गेली आणि कार्यक्रम चालू राहिला. भांडण सर्वांनी पाहिले, भांडण जुळवणाऱ्याचे भांडण थोड्यांनीच पाहिले.

आता मूळ मुद्द्यावर येतो. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेने तीन कामगार संहिता मंजूर केल्या. वेतनाची त्याआधी २०१९ मध्ये झाली होती. चारही २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आल्या. कामगारकपातीसाठी वा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली. दुसऱ्या बाजूला, ठरावीक मुदतीच्या कामगाराला पाच वर्षांऐवजी एका वर्षाच्या नोकरीनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला. एका हाताने घेतले, दुसऱ्या हाताने थोडे दिले.

डिसेंबरात तोच 'आटपा' म्हणणारा मुलगा नेमणुकीचे पत्र घेऊन आमच्याकडे आला. सही करून झाली होती. "काका, ठीक आहे ना?" आम्ही मुदत पाहिली. अकरा महिने! एक महिना कमी पडल्याने काय हातचे गेले, हे त्याला ठाऊक नव्हते. सत्तर दिवसांत घरातून कोण कधी बाहेर गेले हे त्याला क्रमाने सांगता येत होते. स्वतः कधी बाहेर जाणार, हे त्याने वाचले नव्हते.

आम्ही त्याला बोललो नाही. कारण त्या संहितांवर आमच्या संघटनेनेही पत्रक काढले होते. चार पाने, बारीक टाइप, कलमेच कलमे. ते आम्हालाही दुसऱ्यांदा वाचवले नाही!

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केले. ते 'दीनबंधु' पत्र चालवीत. पुढे गिरणगावच्या चाळींत एकाने वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे आणि दहांनी ऐकावे, अशी रीत होती. ज्याला अक्षर येत नव्हते, त्यालाही बातमी येत होती. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली ती लोखंड्यांच्या खटपटीने. ज्या रविवारी आमची पोरे निवांत 'भाऊचा धक्का' पाहत, तो रविवार असा आला आहे.

म्हणून हल्ली आम्ही एवढेच करतो. दर शनिवारी फाटकावर दहा मिनिटे, बातमी एकच. गेल्या आठवड्यात जिथे सोडली तिथून पुढे. सांगणारा पोरांपैकीच एक, आणि शेवटी हात वर करून मत. पहिल्या शनिवारी सात जण थांबले. परवा एकवीस होते. अकरा महिन्यांच्या पत्राची गोष्ट त्या मुलाने स्वतः सांगितली. ऐकणाऱ्यांपैकी चौघांनी खिशातून आपापली पत्रे काढली आणि दिव्याखाली जाऊन तारखा वाचल्या.

त्यांना कार्यक्रम पाहू नका असे आम्ही सांगत नाही. नऊच्या आत आम्ही आटपतो.