'त' आणि 'ट' : शाळेआधीची शाळा

इयरफोन लावलेत ना? मग आधी हे दोन आवाज ऐका. 'त'... 'ट'. फरक कळला? आपल्याला तो सहज कळतो. पण फक्त इंग्रजी ऐकत वाढलेल्या माणसाला तो पकडणं फार अवघड जातं.

१९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कॅनडातल्या इंग्रजी घरांमधल्या बाळांना त्यांनी हिंदीतले असेच आवाज ऐकवले. आवाज बदलल्यावर बाळाने मान वळवली, की त्याला गमतीचं खेळणं दिसायचं. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या फारच थोड्या बाळांना तो कळला. कान बिघडले होते का? नाही. मेंदू घरच्या भाषेत मुरायला लागला होता.

म्हणजे बघा, पहिला वाढदिवस व्हायच्या आधीच आपली भाषेची शाळा सुरू झालेली असते.

आता आपल्या नंदुरबारकडे येऊ. समजा, धडगावच्या डोंगरातली सहा वर्षांची एक मुलगी आहे. घरात पावरी बोलतात. शाळेत पुस्तक मराठी, बाईंचं बोलणंही मराठी. ती गप्प बसते आणि आपण म्हणतो, 'पोरगी कच्ची आहे.' अहो, ती पावरीत गोष्ट सांगते, भांडते, कोडी घालते. व्याकरण कुणी न शिकवता वाक्यं बिनचूक जुळवते. ते आपण मोजतच नाही!

मग मराठी नको का? हवीच. मुलांच्या मेंदूत दोन-तीन भाषा आरामात मावतात. फक्त सुरुवात ओळखीच्या भाषेतून व्हावी. नर्मदाकाठच्या जीवनशाळांनी पावरीतून शिकवून हेच केलं. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही, शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा वापरा, असं सांगतं.

२०११ च्या जनगणनेत भिली-भिलोडी गटातल्या मातृभाषा सांगणारे १ कोटीहून जास्त लोक होते. तरी ही भाषा आठव्या अनुसूचीत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी भिली, पावरी, मावची किंवा अहिराणी बोललं, तर 'नीट बोल' म्हणू नका. तो नीटच बोलतोय. कान आपला तयार नाही.

भेटू पुढच्या भागात!