पोटाच्या दुखण्याची लाज नको



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं आतड्याच्या रोगाचा विषय काढणें कित्येकांस अप्रशस्त वाटेल. परंतु आपल्या नगर जिल्ह्यांत, ज्यास आतां अहिल्यानगर असें नांव मिळालें आहे, शौचावाटे रक्त पडूं लागलें तर मनुष्य तें कोणास सांगत नाहीं. ‘मूळव्याध असेल’ असें म्हणून तो ताक पितो, सुरणाची भाजी खातो, आणि वर्ष निघून जातें. पुष्कळदां ती मूळव्याधच असते. पण केव्हां केव्हां नसते, आणि तपासल्यावांचून हा भेद कळत नाहीं. म्हणून हा विषय आम्हीं मुद्दाम हातीं घेतला आहे.

मोठें आतडें सुमारें ५ फूट लांब असतें. त्याच्या आंतील अस्तरावर कांहीं माणसांस लहान मांसल गांठी येतात. त्यांस पॉलिप म्हणतात. बहुतेक गांठी निरुपद्रवी राहतात, परंतु कांहींचा पुढें कर्करोग होतो. या फेरफारास बहुधा १० वर्षें किंवा अधिक काळ लागतो. हा अवधि हीच आपली संधि होय. कोलोनोस्कोपींत टोंकास दिवा व कॅमेरा असलेली बोटाएवढी लवचीक नळी गुदद्वारावाटे आंत सरकवितात, व गांठ दिसल्यास बहुधा त्याच वेळीं तारेच्या फांसानें ती काढून टाकतात. अशा रीतीनें गांठ काढण्यास न्यूयॉर्क येथें १९६९ सालीं डॉ. वुल्फ व डॉ. शिन्या यांनीं आरंभ केला.

आदल्या दिवशीं पातळ आहार व रेचक औषध घ्यावें लागतें. आतडें स्वच्छ नसेल तर लहान गांठ नजरेंतून सुटते. मधुमेहाचीं किंवा रक्त पातळ करणारीं औषधें चालू असल्यास डॉक्टरांस आधींच सांगावें. रक्तस्राव होणें किंवा आतड्यास छिद्र पडणें हे धोके आहेत, परंतु ते विरळा.

मग तपासणी कोणीं करावी? अमेरिकेंत २०२१ पासून ४५ व्या वर्षापासून सर्वांस सल्ला दिला जातो. आपल्याकडे हा रोग त्या मानानें कमी आढळतो, आणि सरकारच्या २०१६ च्या योजनेंत तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्याच कर्करोगाची तपासणी धरली होती. म्हणून येथें ज्यानें त्यानें सावध राहिलें पाहिजे. रक्त पडणें, शौचाची संवय कित्येक आठवडे बदललेली असणें, कारणावांचून वजन किंवा रक्त कमी होणें, यांपैकीं कांहीं असल्यास वय न पाहतां डॉक्टरांकडे जावें. आईबाप किंवा भावंडांस हा रोग झाला असेल, तर ४० व्या वर्षीं, अथवा त्यांस ज्या वयांत झाला त्याच्या १० वर्षें आधीं, यांतील जें अगोदर येईल तेव्हां सल्ला घ्यावा. नगर शहरांत किंवा लोणीच्या प्रवरा रुग्णालयांत विचारपूस करावी.

लाजेविषयीं एकच उदाहरण देतों. १२ जुलै १९९२ रोजीं, रविवारीं, संत पोप दुसरे जॉन पॉल यांनीं प्रार्थनेस जमलेल्या लोकांस आपण तपासणीसाठीं रुग्णालयांत जात आहों असें स्वतः सांगितलें. त्यांच्या मोठ्या आतड्यांतील गांठ काढण्यांत आली. तींत कर्करोगाकडे झुकण्याचीं चिन्हें होतीं. पुढें ते २००५ पर्यंत जगले. जें पोपमहाराजांनीं जगासमोर सांगितलें, तें आपल्या घरांतील माउलीनें आपल्या लेकीजवळही सांगूं नये काय? आज घरीं गेल्यावर तिला आपणच विचारावें, एवढीच आमची विनंति आहे.