न निघालेली मिरवणूक
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संपादित पाठ)



या संस्थेच्या शंभराव्या वर्षी आपल्यासमोर बोलण्याचा मान मिळाला, याबद्दल मी कार्यकारी मंडळाचे मनःपूर्वक आभार मानते. 'स्त्रियांचा मताधिकार आणि त्यातून जन्मलेली प्रयोगकला' हा विषय जाहीर झाल्यावर काही सभासदांनी विचारले, की बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागाशी याचा संबंध काय? प्रश्न योग्य आहे. विलायतेत बायका रस्त्यावर आल्या, तुरुंगात गेल्या, उपोषणे केली. आपल्याकडे मतासाठी अशी एकही मिरवणूक निघाली नाही. परंतु ती का निघाली नाही आणि न निघाल्याने आपले काय राहून गेले, हे पाहण्यासाठीच हा विषय मी निवडला.

प्रथम लंडनकडे वळू. १० नोव्हेंबर १९०९ रोजी तेथील स्काला नाट्यगृहात सिसिली हॅमिल्टन या लेखिकेचे थोर स्त्रियांच्या दर्शनाचे एक नाटक झाले. दिग्दर्शिका होत्या एडिथ क्रेग. कथानक अगदी साधे. 'स्त्री' न्यायदेवतेसमोर उभी राहून स्वातंत्र्य मागते. 'पूर्वग्रह' नावाचा पुरुष तिला अडवतो आणि स्त्रीला बुद्धी नाही, शौर्य नाही, राज्य करण्याची पात्रता नाही असे म्हणतो. उत्तरादाखल इतिहासातील विदुषी, कलावती, साध्वी, राण्या आणि वीरांगना एकामागून एक रंगमंचावर येतात. शेवटी पूर्वग्रहाला काढता पाय घ्यावा लागतो.

त्या वीरांगनांमध्ये जोन ऑफ आर्कच्या पंक्तीला एक नाव होते झाशीच्या राणीचे. १८५८ मध्ये इंग्रजी फौजेशी लढता लढता जिने देह ठेवला, त्या तांब्यांच्या मनूला अवघ्या ५१ वर्षांनी इंग्रज स्त्रियांनीच आपली साक्षीदार म्हणून लंडनच्या रंगमंचावर उभे केले! हे नाटक पुढे गावोगाव गेले आणि तेथील चळवळीतल्या स्थानिक बायकांनीच त्यातील भूमिका केल्या. अभिनयाचा अनुभव नसला तरी अडत नव्हते. त्या त्या थोर स्त्रीच्या वेषात चारचौघांसमोर उभे राहणे, हाच तेथला अभिनय होता.

रंगमंचावर जे घडले तेच रस्त्यावरही घडत होते. १७ जून १९११ रोजी लंडनमध्ये सुमारे चाळीस हजार स्त्रियांची मिरवणूक निघाली. तीत हत्तीचे चिन्ह असलेला झेंडा घेऊन हिंदी स्त्रियाही चालल्या. इतिहासातील स्त्रियांचे वेष होते, वाद्ये होती आणि हाताने शिवलेली, कशिदा काढलेली निशाणे होती. सुईदोरा हे ज्यांच्या घरकोंडीचे लक्षण मानले जाई, त्यांनी त्याच सुईने आपली मागणी कापडावर लिहिली. तेथे १९१८ मध्ये तीस वर्षांवरील काही स्त्रियांना आणि १९२८ मध्ये पुरुषांच्या बरोबरीने सर्व स्त्रियांना मत मिळाले. पहिल्या विजयाच्या शताब्दीला, १० जून २०१८ रोजी, लंडन, एडिनबरा, कार्डिफ आणि बेलफास्ट या चार शहरांतून हजारो स्त्रिया जांभळी, पांढरी आणि हिरवी वस्त्रे पांघरून पुन्हा चालल्या. शंभर वर्षांपूर्वीचे आंदोलन आता कलाकृती झाले होते, आणि चालणारी प्रत्येक बाई त्या कलाकृतीचा भाग होती.

आता आपल्या घराकडे येऊ. १९१९ मध्ये मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची कन्या मिठन यांनी लंडनला जाऊन हिंदी स्त्रियांच्या मतासाठी साक्ष दिली. इकडे रमाबाई रानडे यांनीही आयुष्याच्या अखेरच्या पर्वात या मागणीला बळ दिले. १९२१ मध्ये मुंबई इलाख्याने मालमत्तेच्या अटीवर स्त्रियांना मताधिकार दिला. म्हणजे सोलापुरातील अट पुरी करणारी बाई मतदार झाली. तेथून आळंद काही फार दूर नाही; पण आळंद निजामाच्या राज्यात, आणि तेथील कितीही सधन बाईला तो कायदा लागू नव्हता. सोयरीक दोन्हीकडे, ओव्या त्याच, लुगडे तेच. सीमेच्या एका रेघेने नागरिकत्व मात्र निराळे केले.

१९४८ मध्ये हैदराबाद संस्थान विलीन झाले आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत येथल्या प्रत्येक प्रौढ स्त्रीच्या हाती मत आले. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर ही तेव्हा बीदर जिल्ह्यातच होती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ती मुंबई राज्याकडे गेली आणि भालकी, औराद, हुमनाबाद, कल्याण म्हैसूर राज्याकडे आले. या साऱ्या गावांतल्या आपल्या आज्यांना मत एकदम, बिनशर्त आणि पूर्ण मिळाले. देशाने केलेला हा मोठा न्याय होता. पण मागितल्याची आठवण त्याच्याबरोबर आली नाही.

त्याच निवडणुकीतील एक आकडा विचार करायला लावणारा आहे. देशभरात सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदारयादीतून गळली, कारण त्यांनी स्वतःचे नाव सांगितले नव्हते; 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढीच त्यांची नोंद होती. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी स्वीकारण्यास नकार दिला. ही नावे मुख्यतः उत्तरेकडील राज्यांतली होती, हे खरे. पण त्यामागची सवय आपल्या घरांना अपरिचित आहे, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

येथे कोणी म्हणेल, की आमच्या बायकांना सभाधीटपणाच नव्हता. हे मला मान्य नाही. ज्या कल्याणात बाराव्या शतकात शरणींनी अनुभवमंटपात पुरुषांच्या बरोबरीने वचने सांगितली, त्या मातीत स्त्रीचा शब्द परका नाही. नागपंचमीचा फेर हा प्रयोगच आहे. त्यात एकजण सांगते आणि बाकीच्या झेलतात. उखाणा हाही प्रयोग आहे. पण त्यात एक मेख आहे. उखाण्यात बाई नवऱ्याचे नाव घेते. स्वतःचे नाव घेण्यासाठी आपल्या परंपरेने तिला एकही उखाणा दिला नाही. कला होती, कंठ होता, प्रेक्षकही होते. मागणी तेवढी त्या फेरात आली नाही.

ती पुढे आली, ती महाराष्ट्रात आणि दुसऱ्या निमित्ताने. १९७२-७३ च्या महागाईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या रस्त्यांवर लाटणे मोर्चे निघाले. लंडनच्या बायकांनी सुई रस्त्यावर आणली, मुंबईच्या बायकांनी लाटणे आणि थाळी. स्वयंपाकघरातली वस्तू चव्हाट्यावर आली की ती बोलू लागते, ही जाण दोन्हीकडे एकच होती. १९८३ मध्ये स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकर यांचे 'मुलगी झाली हो' रंगमंचावर आणले आणि गाण्यांच्या अंगाने जाणारे ते नाटक खेड्यापाड्यांत पोचले. या ग्रंथालयात आवर्जून सांगायला हवे, की म्हापसेकर व्यवसायाने ग्रंथपाल होत्या. १९८९ पासून सुषमा देशपांडे यांनी 'व्हय, मी सावित्रीबाई' या एकपात्री प्रयोगातून सावित्रीबाईंना पुन्हा बोलते केले. हे प्रयोग मताधिकारावरचे नव्हेत. पण गतकाळातील स्त्रीला समोर उभे करून वर्तमानाला जाब विचारणे, ही १९०९ च्या त्या नाटकाचीच रीत आहे.

याची गरज आज काय, असाही प्रश्न येईल. कर्नाटकाने १९८३ च्या कायद्याने पंचायतींत स्त्रियांसाठी २५ टक्के जागा राखल्या आणि २०१० मध्ये ते प्रमाण ५० टक्क्यांवर नेले. लोकसभा आणि विधानसभांतील एकतृतीयांश जागांची घटनादुरुस्ती २०२३ मध्ये मंजूर झाली. कायदा आपले काम करतो आहे. तरीही ग्रामपंचायतीच्या अध्यक्षेच्या खुर्चीत बाई आणि कारभाराच्या वहीवर हात यजमानांचा, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. मत गुप्त असते. मागणी उघड असते. गुप्तपणे शिक्का मारण्याची किंवा बटण दाबण्याची सवय आपल्याला लागली, पण उघडपणे उभे राहून 'हे माझे आहे' म्हणण्याचा सराव झाला नाही. तो सराव कायदा देत नाही, रंगमंच देतो.

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने महिला वाचकांपुढे एक सूचना ठेवते. येत्या नागपंचमीला ग्रंथालयाच्या अंगणात एक फेर धरावा. त्यात प्रत्येकीने आपल्या घरातल्या पहिल्या मतदार स्त्रीचे, आजीचे किंवा पणजीचे, नाव मोठ्याने घ्यावे. कोणाची पत्नी, कोणाची सून हे न सांगता, नुसते तिचे नाव. ती नावे जुन्या लुगड्याच्या तुकड्यांवर शिवून एक वाकळ करावी. कानडी मैत्रिणी तिला कौदी म्हणतील. त्यांनाही फेरात घ्यावे, कारण ही सीमा त्यांच्याही अंगणातून गेली आहे. वेषभूषा, दिवे आणि पडदा यांवाचून काही अडणार नाही.

१९५२ मध्ये रांगेत उभ्या राहिलेल्या स्त्रियांपैकी आज फार थोड्या हयात आहेत. त्यांची नावे ज्यांना ठाऊक आहेत, त्या लेकीसुनाही आता थकल्या आहेत. शंभर वर्षे ज्या संस्थेने पुस्तके सांभाळली, तिने ही नावे सांभाळू नयेत, असे कोण म्हणेल? जी मिरवणूक त्या काळी निघाली नाही, ती आपल्या अंगणातून निघावी, एवढी विनंती करून आणि ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकाला शुभेच्छा देऊन मी आपली रजा घेते.